काना

नॉर्दर्न जनरलच्या तळमजल्यावर
मी लोकांचे श्वास मोजते.
खोलीला खिडकी नाही. एक खुर्ची, एक काचेची पेटी,
आणि माझा आवाज: फुंका, फुंका, अजून, अजून, अजून.
बावीस वर्षांत निम्मं शेफील्ड
मी असं रितं करवून घेतलं असेल.

आज क्लिफर्ड स्टॅनिफोर्थ. वय अठ्ठावन्न.
चाळीस वर्षं कात्र्या जोडल्या,
शिंप्यांच्या, न्हाव्यांच्या, एक म्हणे आठ किलोची, दुकानाच्या पाटीसाठी.
वॉकलीचा चढ आता तीन हप्त्यांत फेडतो.
पहिला हप्ता लाल टपालपेटीपाशी.
तिथे तो टपाल निघायच्या वेळा वाचत उभा राहतो.
वेळा पाठ आहेत.
कुणी बघत असेल, म्हणून वाचतो.

"सिगारेट?"
"लग्नाआधी, दोन वर्षं."
"कारखान्यातली धूळ?"
"ती सगळ्यांनीच खाल्ली, लव. मग मलाच का कुणी खातंय?"

इलास्टेज.
पांढऱ्या पेशींच्या बटव्यातली कात्री.
जंतू दिसला की उघडायची, त्याची प्रथिनं कातरायची,
पण जंतू कुठला आणि फुप्फुसाचं ताणलं जाणारं सूत कुठलं
हे तिला कळत नाही; कात्रीला काय कळतं?
म्हणून यकृत रखवालदार धाडतं.
तो आपली मान पात्यांत देतो,
कात्री मिटते,
आणि त्याच्यासकट मिटलेलीच राहते.
दोघं संपतात. असे कितीतरी, रोज.
तेवढ्या जिवावर आपण जिने चढतो.

क्लिफर्डचे रखवालदार यकृतातून निघेनात.
घडणीत एक अक्षर चुकलं,
तेवढ्यानं एकमेकांत अडकून
दारातच साखळी झाली त्यांची.
तिकडे यकृत तुंबलेलं, इकडे शेत मोकळं.

हे मी त्याला सांगितलं, इंग्रजीत, जमेल तसं.
एक गोष्ट सांगता आली नाही.
आठवीच्या पुस्तकात या कात्र्यांना शब्द होता: विकर.
मी उत्तरपत्रिकेत लिहिलं, लाळेत विकार असतात.
देवस्थळीबाईंनी लाल पेनानं काना खोडला,
वर्गात वही उंच धरली,
"चांगलं चाललं होतं की गं.
मध्येच काडी कशाला घातलीस?"
सगळे हसले. मीही.

तो माझ्या टेबलावरची कात्री उचलून बघत होता.
कानाशी नेली, उघडली, मिटली.
"सैल आहे."
खिशातून दोन पेन्सचं नाणं काढून
त्यानं स्क्रू पाव वेढा फिरवला, पुन्हा ऐकलं, केसभर मागे घेतला.
"पाती कुणीही घासेल.
सैल झाली की चावते, आवळली की हात मोडते.
मधलं जे असतं ना,"
आणि खोकला आला.
मधलं राहिलंच.

मग फुंकला.
एक पूर्णांक एक लिटर.
पुन्हा फुंकला, चेहरा जांभळा होईतो.
एक पूर्णांक शून्य आठ.
असायला हवे होते साडेतीन.
त्यानं आकडा विचारला नाही,
विचारलं, "आमच्या बेथनीचं काय?"

एक काना तर तिच्यात असणारच, बापाचा.
दुसरा असला तर आईकडून.
आई डॉनकास्टरला असते, दुसऱ्या घरी,
आणि नऊ वर्षांत क्लिफर्डनं तिला फोन केलेला नाही.
मी दोन फॉर्म दिले.
एक त्यानं वरच्या खिशात ठेवला.
दुसऱ्याची घडी घातली, मग घडीची घडी,
बोटाच्या नखानं कड दाबत,
धार लावतात तशी.

तो गेल्यावर मी नोंदीची पट्टी कापली.
कात्री आवाज न करता गेली, पाण्यातून जावी तशी.

दारातून दिसलं,
तो लिफ्टपाशी भिंतीवरची सूचना वाचत उभा होता,
आग लागल्यास काय करावे ती.
खांदे वरखाली होत होते.
मी दार जरा जोरातच लावलं,
कुणी बघत नाही
हे त्याला ऐकू यावं म्हणून.